दुकानाला डीव्हीआर लावू की वायफाय कॅमेरा?

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं छोटं दुकान असलेला मेहुणा महिनाभर याच प्रश्नात अडकलाय. डीव्हीआर म्हणजे वायरने जोडलेल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र. डब्यावर 'एआय', 'स्मार्ट' काय छापलंय ते सोडून देऊ.

खर्चात वायफाय कॅमेरा सरळ जिंकतो. प्लगला लावला, मोबाईलला जोडला, झालं. डीव्हीआरला हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, थ्री प्लस वन केबल (चित्र आणि वीज एकत्र नेणारी वायर) आणि भिंतीला भोकं पाडणारा माणूस, एवढं सगळं लागतं.

पण खरी गोम रेकॉर्डिंगची. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असेल, तर दिवसाला साधारण २१ जीबी जातात. म्हणजे वायफाय कॅमेऱ्यातलं १२८ जीबीचं मेमरी कार्ड सहाएक दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. डीव्हीआरवरच्या चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकराएक दिवस पुरते. शिवाय कार्ड कॅमेऱ्यातच असतं. चोराने कॅमेरा उपटला की पुरावाही त्याच्याच खिशात! डीव्हीआर मात्र कपाटात कुलूपबंद ठेवता येतो. फक्त हवेला जागा ठेवा, सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो.

लाईट गेली की दोन्ही आंधळे. डीव्हीआरसोबत कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लायही यूपीएसवर घ्या, वायफायवाल्याने राऊटरसुद्धा.

यंत्रमागाच्या कारखान्यात तर डीव्हीआरच. लेन्सवर बसणारा कापसाचा तूस मात्र दोन्हीकडे पुसावाच लागतो.

भाड्याचा एक गाळा, गल्ल्यावर एकच नजर हवी: वायफाय पुरे. मेहुण्याचं दुकान स्वतःचं, मागे गोदाम. त्याने केबल ओढावी.