गाडीच्या दारासाठी स्पीकर: सव्वापाच इंच की साडेसहा इंच?

दारातील स्पीकर बदलायचे ठरवून सोलापुरातल्या एखाद्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले की समोर बहुधा चार मापे येतात: चार इंच, सव्वापाच इंच, साडेसहा इंच आणि सहा बाय नऊचा लंबगोल. ही मापे नावापुरती असतात, कारण प्रत्यक्ष हलणारा कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, त्याहून लहान असतो. तरी त्यांवरून क्षेत्रफळ काढून पाहणे उपयोगाचे ठरते. चार इंची वर्तुळ सुमारे १२.६ चौरस इंच भरते, सव्वापाच इंची २१.६, साडेसहा इंची ३३.२, तर सहा बाय नऊचा लंबगोल ४२.४. म्हणजे सव्वापाचावरून साडेसहावर जाताना व्यास केवळ सव्वा इंचाने वाढतो, पण हवा ढकलणारे क्षेत्र दीडपटीहून थोडे अधिक होते. खरी निवड याच दोन मापांत करायची असते.

तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा स्वर ऐकवायचा असेल, तर स्पीकरला चौपट हवा हलवावी लागते. लहान कोनाला त्यासाठी पुढे-मागे अधिक धाव घ्यावी लागते, आणि त्या धावेची मर्यादा संपली की आवाज फाटतो. म्हणून चार इंची स्पीकरवर गायकाचे शब्द स्पष्ट येतात, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. सव्वापाचावर तो ऐकू येतो, मात्र आवाज वाढवताच आवळल्यासारखा होतो. साडेसहावर तो मोकळा लागतो. पुण्याच्या अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात हा फरक अधिक जाणवतो, कारण वेगात असताना टायर आणि रस्त्याची घरघर नेमके खालचेच स्वर झाकते.

सव्वापाचाची एक बाजू मात्र न्यायाने मांडली पाहिजे. कोन जितका मोठा, तितके त्याचे वरचे स्वर समोरच्या अरुंद पट्ट्यात एकवटतात, आणि दारातला स्पीकर तर आपल्या पोटऱ्यांच्या उंचीवर असतो. त्यामुळे साडेसहाचा स्पीकर वेगळ्या ट्विटरशिवाय, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरशिवाय, बसवल्यास कानापर्यंत येणारा आवाज काहीसा मंद वाटू शकतो. साडेसहा घ्यायचा असेल, तर शक्यतो आरशाजवळ किंवा काचेच्या खांबावर बसणाऱ्या स्वतंत्र ट्विटरचा संच घ्यावा. मागच्या दारांसाठी एवढा खर्च करण्याची गरज नाही.

ज्या मापाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, ते खोलीचे. माझ्या आधीच्या गाडीत मोठ्या मॅग्नेटचे साडेसहा इंची स्पीकर बसवले होते. भोक अचूक जुळले, आवाज छान आला, आणि घरी आल्यावर काच पाऊण खाली येऊन अडकली, कारण ती मॅग्नेटला टेकत होती. म्हणून दाराचा पॅड, म्हणजे आतले आवरण, काढल्यावर काच पूर्ण खाली घ्यावी, स्पीकर जिथे टेकतो त्या पृष्ठभागापासून काचेपर्यंतचे अंतर मोजावे आणि खोक्यावर लिहिलेली बसण्याची खोली त्याहून निदान काही मिलिमीटर कमी असल्याची खात्री करावी. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये जाड रिंग लावल्यास स्पीकर बाहेर सरकतो आणि आत जागा मिळते. पण मग त्याचा पुढचा भाग पॅडच्या जाळीला घासत नाही ना, हेही पाहावे लागते. ही रिंग प्लास्टिकची असावी. एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या फळीची, रिंग दारात शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याने फुगते.

सहा बाय नऊचा स्पीकर मागच्या पार्सल ट्रेवर, म्हणजे मागच्या सीटमागच्या फळीवर, योग्य आहे. मूळ जागा त्याच मापाची नसेल, तर दारात त्याचा आग्रह धरू नये, कारण त्यासाठी पत्रा कापावा लागतो. कापलेल्या कडेवर गंज धरतो आणि वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो. शिवाय काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी लागणारा दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीतच असतो. आवाजासाठी सुरक्षिततेशी खेळणे मला कोणत्याही स्थितीत मान्य नाही.

उरलेला पैसा मोठ्या वॉटच्या आकड्यावर घालवू नये. वेगळा ॲम्प्लिफायर नसेल, तर ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर ८८ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज निम्म्या शक्तीत देतो. तो पैसा दाराच्या पत्र्यावर चिकटणाऱ्या शीट लावून दार बंदिस्त करण्यावर घालावा, कारण कोनाच्या मागून निघणारी लहर पत्र्याच्या मोठ्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लहरीला मारते. सोलापुरात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या दारातली डांबरी शीट मऊ होऊन सुटू शकते. बुटाइलची, म्हणजे एका प्रकारच्या रबराची, शीट महाग असली तरी तीच घ्यावी. कोनाची कडही फोमऐवजी रबराची असावी. दाराच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे मात्र मोकळी ठेवावीत.

माझा सल्ला असा: दारात सव्वापाचाची जागा असून पत्रा न कापता रिंगवर साडेसहा बसत असेल, तर साडेसहाच घ्यावा, खोली पुरत नसेल, तर उत्तम प्रतीचा सव्वापाच नीट बंदिस्त केलेल्या दारात बसवावा, तो सैल पत्र्यावरच्या साडेसहाला मागे टाकेल. पॅड परत लावण्यापूर्वी चारही काचा पूर्ण खाली-वर करून पाहाव्यात आणि डाव्या-उजव्या स्पीकरच्या अधिक-उणे तारा तपासाव्यात. एका बाजूची जोडणी उलटी झाली असेल, तर दोन्ही स्पीकर एकदम वाजवताच डग्गा नाहीसा होतो.