बीआरसीए-१ की बीआरसीए-२: गाठ सारखी नसते

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन्ही जनुकं 'आनुवंशिक स्तनाचा कर्करोग' या एकाच नावाखाली येतात, पण बायॉप्सीच्या रिपोर्टमधल्या ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर) आणि हर-२ (पेशीवरचं एक प्रथिन) या तीन ओळी वाचल्या की फरक कळतो.

बीआरसीए-१ (गुणसूत्र १७) बिघडलेलं असेल तर साधारण ७० टक्के गाठी ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे या तिन्ही ओळी निगेटिव्ह असलेल्या, निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली ईआरसाठी रंगवलेली काच पाहिली तर पेशींची केंद्रकं निळीच राहिलेली, ईआर असल्याची तपकिरी छटा नाही. म्हणजे टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांना पकडायला जागाच नाही. ग्रेडही (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) बहुधा ३, म्हणजे सर्वात वरचा, वय बऱ्याचदा कमी. पॅथॉलॉजिस्ट सीके ५/६ (बेसल प्रकारच्या पेशी ओळखणारा रंग) लावतो, तेव्हा तो अनेकदा पॉझिटिव्ह येतो.

बीआरसीए-२ (गुणसूत्र १३) तुलनेनं 'नेहमीचा' वाटतो: तीन-चतुर्थांशांहून अधिक गाठी ईआर पॉझिटिव्ह, त्यामुळे हार्मोनचे उपचार लागू पडतात. पुरुषांमधला स्तनाचा कर्करोगही याच जनुकाशी जास्त जोडलेला. हर-२ मात्र दोन्हीकडे क्वचितच पॉझिटिव्ह.

माझ्या मते बीआरसीए-२ जास्त चकवतो. चाळिशीतल्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णाला जनुकीय तपासणी सहज सुचवली जाते. साध्या दिसणाऱ्या ईआर पॉझिटिव्ह गाठीत मावशी-आत्याचा, आणि हो, वडिलांकडचाही इतिहास विचारायचा राहून जातो. ओलापॅरिब हे बीआरसीए बिघाडावरचं औषध मात्र दोन्हीकडे चालतं.