मागचा ब्रेक तसाच ठेवला : स्वस्तातल्या डिस्क ब्रेकचे अकरा महिने

सायकल बावीस हजारांची, पुढे-मागे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकत्या) 160 मिलिमीटर व्यासाच्या. माझं वजन 84 किलो. बहुतेक रविवारी पुण्याहून सिंहगड. चढताना ब्रेक लागतोच कुठे, पण उतरताना आठ-नऊ किलोमीटर बोटं लिव्हरवरून हलत नाहीत. गेल्या मे महिन्यात असंच उतरताना एका वळणावर लिव्हर पार मुठीला टेकली आणि समोरून प्रवासी जीप. थांबलो, पण ब्रेकने नाही, बुटांनी.

ज्याला सांगावं तो म्हणे, "सरळ हायड्रॉलिक टाक," म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक. मी आधी सायकलकडे नीट बघितलं. केबलच्या ब्रेकमध्ये (निदान माझ्यासारख्या स्वस्त प्रकारात) बाहेरचा एकच पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारी गादी) सरकतो आणि डिस्कला किंचित वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. आतला पॅड झिजला की त्याचा स्क्रू 5 मिमीच्या एलन कीने (षटकोनी चावीने) फिरवून तो आपण पुढे घ्यायचा असतो. दोन वर्षांत मी तो स्क्रू एकदाही फिरवला नव्हता! आरे चुकवत चावी आत घातली, पाव फेरा दिला आणि लिव्हरची निम्मी ढिलाई तिथेच गेली. शून्य रुपये.

मग दोन्ही चाकांचे पॅड (700) आणि इनर-आउटर (केबलची आतली तार आणि बाहेरचं आवरण, 300) बदलले. जुनी इनर बाहेर ओढली तर बोटं गंजाने लाल. केबल आत घासत असली की बोटांचा बराच जोर तिथेच जिरतो, कॅलिपरपर्यंत (चाकाजवळ पॅड धरणाऱ्या भागापर्यंत) पोचतच नाही. कॅलिपर सरळ बसवायला डिस्क आणि पॅडच्या फटीत जुनं व्हिजिटिंग कार्ड घालून ब्रेक दाबला आणि तसाच बोल्ट आवळला. हजार रुपयांत ब्रेक नवा असताना होता तसा झाला. पण नवा होता तेव्हाही तो काही फार ग्रेट नव्हता.

पुढची पायरी 180 ची डिस्क, फक्त पुढे. अ‍ॅडॉप्टरसकट 1,250. त्रिज्या 80 वरून 90 मिमी होते, म्हणजे तेवढ्याच दाबाला साडेबारा टक्के जास्त पकड. हे करण्याआधी तुमच्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, किती मोठी डिस्क चालते ते त्याच्या कंपनीच्या माहितीत बघा. स्वस्त फोर्कना सगळं झेपतं असं नाही.

आता हायड्रॉलिक. माझ्या सायकलीत ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर एकाच तुकड्यात आहेत. ब्रेक बदलायचा तर शिफ्टरही नवा घ्यायचा, हा खर्च कुणी सांगत नाही. दोन्हीकडे बदललं तर बजेट बोंबलतं. म्हणून ठरवलं, फक्त पुढचा. ब्रेक मारला की बहुतेक भार पुढच्या चाकावर येतो, खरं काम तोच करतो. शिमानोचा एमटी 200 घेतला (2,400) आणि उजवा शिफ्टर (750).

इथे माझा पोपट झाला. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मोटरसायकलसारखा. खोक्यातून निघाली डावी लिव्हर, पुढच्या ब्रेकच्या आखूड नळीसकट. बऱ्याच देशांत तशीच पद्धत आहे. दुकानाने बदलून दिली, पण आठ दिवसांनी आणि कुरियरचा खर्च माझ्या माथी. मागवताना 'पुढचा, उजवी लिव्हर' असं स्पष्ट लिहा.

फरक? एका बोटात काम होतं. पूर्वी पायथ्याच्या गोळेवाडीला पोचेपर्यंत पंजे आखडायचे, आता ताकाचा ग्लास धरताना हात थरथरत नाही. पहिल्या दिवशी मात्र पकड काहीच नव्हती, घाबरलो होतो. सपाट रस्त्यावर वेग घेऊन वीस-पंचवीस वेळा हळूहळू दाबत सायकल मंद केली, तेव्हा पॅड डिस्कवर बसले.

तक्रारी दोन, आणि दोन्ही ब्रेकच्या नाहीत. सर्व्हिसिंगला दिली असता एका पोराने साखळीवर स्प्रे मारला, तो डिस्कवर उडाला. ब्रेक किंचाळायला लागला, पकड गायब. डिस्क स्पिरिटने पुसली, पण तेल प्यायलेले पॅड टाकावेच लागले. दुसरं, गाडीत घालायला पुढचं चाक काढलं होतं आणि भाच्याने गंमत म्हणून लिव्हर दाबली. मध्ये डिस्क नाही म्हटल्यावर पॅडना ढकलणारे पिस्टन बाहेर आले, पॅड एकमेकांना चिकटले, चाक काही आत जाईना. प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) हळूच मागे ढकलले. तेव्हापासून चाक काढलं की पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी.

तेल अजून बदललेलं नाही. या ब्रेकला मिनरल ऑइलच लागतं. दुकानात कुणी मोटरसायकलच्या ब्रेकचं डॉट तेल भरायला निघालं तर हात धरा, आतले रबरी सील त्याने खराब होतात.

एकूण 5,400 (कुरियर आणि तेलकट झालेल्या पॅडचा खर्च सोडून), त्यात पुढच्या केबल ब्रेकचे 350 चे पॅड आता डब्यात पडून. पुन्हा करायचं झालं तर आधी स्क्रू फिरवेन, मग फक्त मागचे पॅड-केबल आणि पुढे थेट हायड्रॉलिक. मोठी डिस्क कदाचित घेणारही नाही, माझ्या वजनाचा माणूस नसेल तर नकोच.

एका पावसाळ्यात चिखलाने पॅड बरेच खाल्ले, जूनच्या आधी बदलणार. मागचा केबलवालाच आहे. पावसात तो असा ओरडतो की घंटी वाजवायच्या आधीच माणसं बाजूला होतात.