ई-कारसाठीचं फायर ब्लँकेट: घेतलं, तालीम केली, मग लिहितेय

पाचपैकी तीन तारे.

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत चार ई-कार आणि अकरा ई-स्कूटर आहेत. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादला ई-बाइकच्या शोरूममधल्या आगीचा धूर वरच्या हॉटेलात शिरून आठ जण गेले. आमची घरंही पार्किंगच्याच डोक्यावर, म्हणून सेक्रेटरी या नात्याने मीच हट्टाने पेटत्या गाडीवर टाकायचं 6 बाय 8 मीटरचं ब्लँकेट घ्यायला लावलं. 38 हजार गेले.

कापड दणकट, कोपऱ्यांना धरायला चांगले पट्टे. वॉचमनकाका आणि मी चेअरमनसाहेबांच्या गाडीवर तालीम केली. पहिल्यांदा चार मिनिटं लागली, तिसऱ्यांदा एका मिनिटाच्या आत झालं. एकट्या माणसाचं हे काम नाही.

विक्रेता म्हणाला, "टाकलं की आग विझते." हे साफ चूक आहे. लिथियम बॅटरीत एक सेल तापला की शेजारचा तापतो आणि बऱ्याच बॅटऱ्यांत तापलेल्या रसायनातूनच ऑक्सिजन सुटतो. बाहेरची हवा तोडून ती साखळी थांबत नाही. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा बसतात, पण आतली उष्णता तशीच राहते, काही तासांनी गाडी पुन्हा पेटू शकते. अग्निशमन दलालाही हजारो लिटर पाणी मारावं लागतं, कारण बॅटरीचा बंद डबा गाडीच्या तळाशी असतो. ब्लँकेट फक्त शेजारच्या गाड्या वाचवतं. त्याखाली ज्वलनशील वायू साठतात, म्हणून एकदा टाकलं की कोपरा उचलून आत डोकवायचं नाही, भडका उडू शकतो. इतकी महत्त्वाची सूचना पिशवीवर बारीक इंग्रजीत! आम्ही ती मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवली.

खरी अडचण तालमीतच कळली. आमच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन गाड्यांत जेमतेम दीड फूट जागा. पेटत्या गाडीच्या बाजूने ब्लँकेट ओढत जाणार कोण? शेवटी चारही चार्जिंग पॉइंट कंपाउंडच्या भिंतीलगत उघड्यावर नेले. माझ्या मते हा खर्च ब्लँकेटच्या आधी करायला हवा होता.

काकांना बजावून ठेवलंय: धूर कोंडला असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. आधी 101, मग वरच्या मजल्यांच्या बेल. ब्लँकेटची पिशवी गेटजवळ टांगलीय, कुलूप न लावता.