तुमच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच सोयाबीन

हमीभाव खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर उभा आहे, वीस क्विंटल सोयाबीन भरलेलं. ऑपरेटर आधार क्रमांक टाकतो, पडद्याकडे बघतो आणि म्हणतो, "काका, तुमची विक्री तर मागच्याच आठवड्यात झालीय." काका म्हणतात, "आरं बाबा, माल तर अजून ट्रॅक्टरात हाय." ऑपरेटर पडदा वळवून दाखवतो. नाव बरोबर, गट नंबर बरोबर, आधारही बरोबर. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं काकांच्याच नावाचं आहे, फक्त काकांनी ते कधी उघडलेलं नाही.

लातूर-धाराशिवपासून परभणी-हिंगोलीपर्यंतच्या सोयाबीन पट्ट्यात ही फसवणूक कशी होते, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण तिची सुरुवात केंद्रावर होत नाही. ती होते वर्ष-दोन वर्षं आधी, गावातल्या मारुतीच्या पारावर भरलेल्या 'सभासद नोंदणी शिबिरा'त. शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच शेअर घेऊन चालवायची कंपनी, काढायची आहे, शेअर हजार रुपयांचा, पण तुम्ही आता काहीच भरू नका, आम्ही भरतो, फक्त कागद द्या. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, पासबुक, दोन फोटो, कोऱ्या अर्जावर चार सह्या आणि शेवटी "मोबाइलवर आलेला नंबर सांगा". हा शेवटचा नंबर म्हणजे बहुतेक वेळा नवीन बँक खात्याचा ओटीपी असतो. त्या खात्याचं एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड शिबिर घेणाऱ्याच्या कपाटात राहतं.

सभासद व्हायला खरं तर लागतं काय? अर्ज, तुम्ही उत्पादक आहात याचा पुरावा म्हणजे सातबारा, ओळखपत्र, वारसाचं नाव आणि शेअरची रक्कम. माल कंपनीला विकणार असाल तर पासबुकाची झेरॉक्स. ओटीपी लागत नाही. यंत्रावर अंगठा लागत नाही. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्रावरचा अंगठा खातं रिकामं करू शकतो. कोऱ्या कागदावरची सही तर कशालाच लागत नाही. द्यायची ती प्रत्येक झेरॉक्स आडवी धरून मजकुरावरूनच लिहा: "फक्त अमुक कंपनीच्या सभासद नोंदणीसाठी", खाली तारीख आणि सही. असं लिहिलेला सातबारा खरेदी केंद्रावर चालवणं अवघड जातं.

आता हिशेब बघा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, भाव चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. क्विंटलमागे सातशे रुपयांचा फरक धरला तरी एका शेतकऱ्याच्या नावावर २० क्विंटल खपवले की १४,००० रुपये. ३०० सातबारे हाताशी असतील तर ४२ लाख. मोंढ्यातून घेतलेला माल शेतकऱ्यांच्या नावाने केंद्रावर जातो, पैसे त्या कपाटातल्या खात्यांत येतात. एका शेतकऱ्याच्या क्षेत्रावर किती माल घ्यायचा याची मर्यादा ठरलेली असते, ती संपते. मग खरा शेतकरी आपलं सोयाबीन घेऊन परत मोंढ्यात येतो आणि तेच १४,००० रुपये हरतो. पुढे चौकशी लागली तर नोटीसही त्यालाच येते, व्यापाऱ्याला नाही.

यासाठी पेऱ्याची नोंदही जुळवावी लागते. उसाच्या किंवा पडीक रानावर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, सोयाबीन दाखवलं जातं. म्हणून कापणीच्या आधी पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि वरचा नमुना सात वाचून थांबू नका, खालचा गाव नमुना बारा वाचा. तुम्ही न पेरलेलं पीक तिथे दिसलं तर त्याच दिवशी तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या.

दुसरा खेळ अनुदानाचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या १० हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या (उत्पादक कंपन्या त्यातच येतात) केंद्रीय योजनेत प्रत्येक सभासदाच्या भागभांडवलाइतकी रक्कम, जास्तीत जास्त २,००० रुपये आणि एका संस्थेला एकूण १५ लाखांपर्यंत, सरकार घालतं. शिवाय कारभाराच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत. १५ लाखांना २,००० ने भागा: ७५०. एखाद्या कंपनीचे सभासद बरोबर ७५० किंवा त्याहून दोन-चार जास्त असतील, आणि त्यातल्या शंभर जणांनाही आपण सभासद आहोत हे माहीत नसेल, तर पुढे फार शोधायची गरज नाही. शेअरचे पैसे कुणी एका कृषी सेवा केंद्रवाल्याने भरलेले असतात. कंपनीचं बँक स्टेटमेंट बघितलं की एकाच दिवशी, एकाच शाखेत, गोल आकड्यांत ओळीने रोख भरणा दिसतो. अनुदान आलं की 'खरेदीसाठी आगाऊ रक्कम' म्हणून ते संचालकाच्या मेव्हण्याच्या फर्मकडे जातं. कायद्यात संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज अथवा आगाऊ रक्कम द्यायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. पण सभा होते कुठे?

सभेचा कागद एकदा तरी डोळ्यांनी बघावा. उत्पादक कंपनीच्या सभेला किमान एक चतुर्थांश सभासद हजर लागतात. ७५० असतील तर १८८. हजेरीपट १८८ चाच असतो, एक कमी नाही, दोन जास्त नाहीत. सगळ्या सह्या एकाच निळ्या पेनाच्या, पान संपत आलं की अक्षर बारीक होत गेलेलं. मयत झालेल्या माणसाची सही. बायकांच्या नावापुढे अंगठे, आणि चार ओळींत तोच ठसा, तोच आडवा व्रण. सोबतच्या फोटोत गर्दी खरी असते, पण ती कृषी सहायकाच्या शेतीशाळेची. मागचा बॅनर तेवढा बदललेला. सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि तिच्याबरोबर मागच्या सभेचं इतिवृत्त व लेखापरीक्षित ताळेबंद पाठवायचा असतो. तुमच्या घरी असा कागद कधी आलेला नाही आणि कंपनी मात्र दरवर्षी सभा झाल्याचं दाखवते, तर हजेरीपटावर तुमची सही कोणी केली हे विचारायला हवं.

हे जमतं कशामुळे, हेही सांगायला हवं. नुसत्या लबाड संचालकामुळे नाही. ताडपत्री किंवा फवारणी पंप मिळाला की सही देणारा, माल मात्र नेहमीच्या अडत्याकडेच नेणारा सभासद त्याला हवाच असतो. अशा सभासदाला कंपनीचा भाव माहीत नसतो, उलाढाल माहीत नसते, त्यामुळे त्याला प्रश्नही पडत नाही. ज्या कंपनीला सभासदांचा माल येतो, तिथे काट्यावर रोज पंचवीस माणसं उभी असतात. तिथे खोटं फार दिवस टिकत नाही. म्हणून सभेत एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा: गेल्या वर्षीच्या उलाढालीत सभासदांचा माल किती क्विंटल आणि बाहेरचा किती? उत्तर देताना चेअरमन छापील अहवालाची पानं उलटायला लागला की समजून जा.

काट्यावरची चोरी लहान असते, पण ती रोजची. कंपनी स्वतःच्या खरेदीत ओलावा आणि बारदाना (पोत्याचं वजन) कापते. ओलाव्याचा पाया, म्हणजे किती टक्के ओलावा कपात न करता धरतात, तो आधी विचारा. पाया १२ टक्के असेल आणि तुमचा माल १५ टक्क्यांचा निघाला, तर १०० किलोत सुकं ८५ किलो. ८५ भागिले ०.८८ म्हणजे ९६.५९. योग्य कपात ३.४१ किलो. पाया १० धरला असेल तर ५.५६. बरेच जण पाया सांगतात १२ आणि कापतात सरळ ५ किलो. बारदान्याचंही तसंच: ५० किलोच्या तागाच्या रिकाम्या पोत्याचं वजन साधारण ५८० ग्रॅम, कापतात एक किलो. २० क्विंटल म्हणजे ४० पोती, त्यात १६ किलो ८०० ग्रॅम गेले. ओलाव्यात ३१ किलो ८०० ग्रॅम. जवळजवळ अर्धा क्विंटल. भाव ४,२०० असेल तर दोन हजारांच्या वर. ओलावा मोजायचं यंत्र तुमच्यासमोर चालवायला लावा, रास हलवून तीन ठिकाणचा नमुना घ्या, आणि पावतीवर ओलावा, पाया व कपात वेगवेगळ्या लिहून घ्या. 'निव्वळ वजन' एवढंच लिहिलेली पावती कामाची नाही.

यंत्रसामग्रीचा प्रकार थोडक्यात. राज्य सरकारच्या शेतीमाल व्यवसायासाठीच्या 'स्मार्ट' प्रकल्पात उपप्रकल्पाच्या खर्चाला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. साठ लाखांच्या क्लीनिंग-ग्रेडिंग युनिटचं कोटेशन एक कोटीचं आणलं की अनुदान साठ लाख, म्हणजे यंत्र फुकट. कंपनीचा चाळीस लाखांचा वाटा पुरवठादाराकडे जातो आणि मागच्या दाराने परत येतो. त्या वाट्यासाठी कंपनीच्या नावावर कर्ज काढलं असेल तर ते मात्र खरं असतं, आणि गोदामासकट सगळं त्याला तारण असतं.

शेअर घेण्याआधी घरबसल्या एक गोष्ट करता येते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की नोंदणीची तारीख, संचालकांची नावं, शेवटची सभा कधी झाली, ताळेबंद कोणत्या वर्षापर्यंत भरला आणि मालमत्तेवर कोणत्या बँकेचा बोजा आहे, हे फुकट दिसतं. शंभर रुपये भरले की भरलेले ताळेबंद उघडून वाचता येतात. त्यात 'इतर आगाऊ रकमा' आणि 'संबंधित पक्षांशी व्यवहार' ही दोनच पानं वाचली तरी पुष्कळ कळतं. संचालक किमान पाच लागतात. पाचही एकाच आडनावाचे असले म्हणून कंपनी वाईट ठरत नाही, पण त्यांचा पत्ताही एकच असेल तर हजार रुपये खिशातच ठेवा. "शेअरवर वर्षाला चोवीस टक्के" असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. उत्पादक कंपनीत भांडवलावरचा परतावा मर्यादित असतो आणि जास्तीचा नफा माल दिलेल्या प्रमाणात वाटायचा असतो. हा शेअर बाजारात विकताही येत नाही. संचालक मंडळाच्या मंजुरीने, दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, दर्शनी किमतीला देता येतो.

पीककर्ज देणाऱ्या गावच्या जुन्या विकास सोसायटीत फसवणुकीची तऱ्हा वेगळी. तिथे सोसायटीचं दप्तर सांभाळणारा गटसचिव 'नवं-जुनं' करताना, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून नवं देताना, सही घेतो आणि कागदावर कर्जाचा आकडा वाढतो. हातात काही येत नाही, थकबाकी मात्र येते. यावरचा उपाय लोक वापरतच नाहीत: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला कार्यालयात बसून उपविधी, ताळेबंद, सभासद नोंदवही, इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य बघता येतात, आणि शुल्क भरून महिन्याच्या आत नकला मिळतात. एक पंचमांश सभासदांनी सहीनिशी मागणी केली की विशेष सभा बोलवावी लागते. उत्पादक कंपनीत हा आकडा एक तृतीयांश आहे.

तक्रार कुठे करायची यातच निम्म्यांची वर्षं जातात. सोसायटीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे. शेतकरी उत्पादक कंपनीची तिथे घेतली जात नाही, कारण ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली आहे. तिच्यासाठी कंपनी निबंधक. अनुदानाबद्दल असेल तर ज्या कार्यालयाने ते दिलं त्याच्याकडे. हमीभाव खरेदीत तुमचं नाव वापरलं असेल तर जिल्हा पणन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत फिर्याद, दोन्ही. ठेवी म्हणून पैसे घेतले असतील तर १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होतो, फिर्यादीत त्याचा उल्लेख करायला सांगा.

कंपनी माहिती अधिकारात येत नाही असं संचालक ठणकावून सांगतात. पण तिने सरकारी कार्यालयात दिलेली सभासद यादी, भागभांडवलाचा दाखला आणि खर्चाची प्रमाणपत्रं त्या कार्यालयाच्या ताब्यात असतात, आणि ते कार्यालय माहिती अधिकारात येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अर्जात "सर्व माहिती द्या" असं लिहू नका, नाकारायला तेवढंच पुरतं. कंपनीचं नाव, आर्थिक वर्ष आणि "भागभांडवल जमा झाल्याच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट, जे अनुदान प्रस्तावासोबत जोडलं आहे" इतकं नेमकं लिहा.

सोबत आपला कर्ज अहवालही काढा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर त्या बँकेला आणि पतमाहिती कंपनीला एकाच दिवशी कळवा. नावावर अनोळखी खातं असल्याचं कळलं तर ते तडकाफडकी बंद करून टाकू नका. बँकेकडे आधी उघडण्याचा अर्ज, त्यावरचा फोटो आणि खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक लेखी मागा, स्टेटमेंट घ्या, मग व्यवहार गोठवायला सांगा. तो मोबाइल क्रमांक बहुतेक वेळा शिबिर घेणाऱ्याच्याच माणसाचा निघतो, आणि पोलिसांना सुरुवात करायला तेवढा पुरतो. प्रत्येक अर्जाची पोच घेताना शिक्का, तारीख आणि जोडलेल्या पानांची संख्या लिहून घ्या.