लिक्विड मशीनचे सहा महिने: डास पडतो, पण मरतो का?

जून ते नोव्हेंबर, परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, ट्रान्सफ्लुथ्रिन हे डासांचं औषध ०.८८ टक्के असलेली ४५ मिलीची रिफिल. रात्रीच्या झोपेपुरतं मशीन कामाचं आहे. डेंग्यूसाठी त्याच्यावर विसंबू नका.

खिडकी लावून झोपायच्या अर्धा तास आधी चालू केलं तर फरक कळतो. गॅलरीचं दार सताड उघडं आणि पंखा पाचवर असेल, तर वाफ खोलीत टिकतच नाही. वात काळी-कडक पडली की बाटलीत औषध असूनही वर चढत नाही. अशी रिफिल सरळ टाकून द्या. रिकाम्या बाटलीत रॉकेल-कापूर भरणारे महाभाग अजून आहेत. तापलेल्या वातीवर रॉकेल म्हणजे आगीला आमंत्रण.

आता मुद्द्याचं. जमिनीवर उताणा पडून पाय झाडणारा डास मेला, असं धरू नका. त्याच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला, आत साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवा आणि २४ तासांनी बघा. काही डास दुसऱ्या दिवशी पुन्हा पायांवर उभे दिसतात. एवढ्यावरून डासात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचं सिद्ध होत नाही, मात्राही कमी पडलेली असू शकते. प्रयोगशाळेत ठरलेल्या मात्रेसमोर डास एक तास ठेवतात आणि २४ तासांनी मोजतात. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर औषध लागू, ९० टक्क्यांखाली आले तर डास दाद देत नाही.

डास मरत नाही, मग लोक कंपनी बदलतात. पाठीमागचं लेबल वाचा: अ‍ॅलेथ्रिन, प्रॅलेथ्रिन, ट्रान्सफ्लुथ्रिन ही सगळी पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या एकाच कुळातली. तिन्हींचा घाव डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या वाटेवर. डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचाही तिथेच. त्या जागेची घडण बदललेल्या डासावर ही सगळीच बोथट होतात. काही डासांत तर औषध फोडणारी विकरंच (एन्झाइम) जास्त बनतात. थोडक्यात, डबा नवा, औषधाचं कूळ तेच.

वेळेचा घोळ वेगळाच. रात्री गुणगुणणारा बहुधा क्युलेक्स, गटारातला. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताआधी जास्त. म्हणजे मशीन बंद असतं तेव्हा. पोरं दुपारी पलंगाखाली लपाछपी खेळतात, तिथेच अंधारात तो बसलेला असतो.

त्यामुळे खर्च रिफिलपेक्षा खिडकीच्या जाळीवर करा आणि मेहनत पाण्याच्या पिंपावर, कारण एडिस तिथेच वाढतो. मुंबईच्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप पूर्ण रिकामं हवं. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तगतात आणि पाणी चढलं की फुटतात. तो पट्टा ब्रशने खसाखसा घासा, मगच नळ सोडा. फ्रिजमागचा ट्रे आणि मनीप्लांटची बाटलीही त्याच दिवशी.