धरमपेठेत अमेरिकेचं यादवी युद्ध: एका निवृत्त कंट्रोलरचा अभिप्राय

या बोर्डगेम कॅफेत जाणार असाल तर आधीच सांगतो, मोठा नकाशा मागू नका. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या पेटीत १८६१ ते १८६५ अशी पूर्ण मोहीम आहे. ती मांडायलाच पाऊण तास जातो, आणि कॅफेतलं पोरगं येऊन "काका, बंद करतोय" म्हणतं तेव्हा तुमचं सैन्य पहिल्या उन्हाळ्यातच घाम पुसत बसलेलं असतं. त्याच पेटीत तळाला एक चपटा खोका आहे, चकमकींचा. तो काढायला लावा. माझे पैसे त्याने वसूल केले.

मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. उभा जन्म चार्टवर रेघा ओढण्यात गेला: कुठली गाडी कुठल्या लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची, कोणाला पुढे काढायचं, कोणाच्या शिव्या खायच्या. त्यामुळे युद्धाचा खेळ म्हटला की मी तोफा पाहत नाही, रूळ पाहतो. आणि हे युद्ध रुळांवरच लढलं गेलं. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत दक्षिणेची, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांची, बाजू सावरली ती शेनांडोह खोऱ्यातून आगगाडीने आणलेल्या कुमकेमुळे. आपल्याकडे तेव्हा नागपूरला रेल्वे यायलाही सहा वर्षं होती.

लोकांना गेटिसबर्ग माहीत असतं, फार तर अँटिएटम. अमेरिकन सरकारच्या आयोगाने १९९३ साली महत्त्वाच्या म्हणून ३८४ लढाया निवडल्या. बारीकसारीक चकमकी, छापे, पुलावरच्या झटापटी धरल्या तर आकडा दहा हजारांच्या वर जातो. खोका बनवणाऱ्याने त्यातल्या मोजक्याच घेतल्या आहेत, पण निवड जाणत्या माणसाची आहे.

पहिली म्हणजे इंजिनचोरी. १२ एप्रिल १८६२, जॉर्जियातलं बिग शँटी स्टेशन. प्रवासी आणि गाडीचा स्टाफ नाश्त्याला उतरलेले. जेम्स अँड्र्यूज नावाचा उत्तरेचा हेर आणि त्याचे साथीदार, बहुतेक साध्या वेशातले शिपाई, 'जनरल' नावाचं इंजिन तीन डब्यांसकट घेऊन पसार झाले. स्टेशनात तारघर नव्हतं, म्हणून तर ते निवडलेलं. बेत असा की अटलांटा ते चॅटानूगा या लायनीवरचे पूल जाळत, तारा तोडत उत्तरेला निघून जायचं. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर नाश्ता टाकून मागे पळत सुटला. आधी पायी, मग ढकलट्रॉलीवर, मग मिळेल त्या इंजिनावर. शेवटचं 'टेक्सास' तर उलट्या तोंडाने, टेंडर (मागचा जळणाचा डबा) पुढे करून पळवलं त्याने.

नातू फुलर झाला, मी अँड्र्यूज. एकेरी लाइन, समोरून येणाऱ्या गाड्या आणि मधे किंग्स्टन. खेळाचं सगळं कसब या किंग्स्टनला दिसतं. तिथे तुम्हाला दर पाळीला पत्ता उचलावा लागतो. पत्त्यावर समोरून आलेली मालगाडी असते, आणि तिच्या शेवटच्या डब्याला लाल झेंडी असेल तर थांबा, मागून आणखी एक येतेय. आपल्याकडे शेवटच्या डब्यावर एलव्ही, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'चा, बोर्ड दिसला की स्टेशन मास्तरच्या जिवात जीव येतो, गाडी पूर्ण आली. इथे शेवटचा डबा बघून छातीत धस्स होतं. मी पत्ता उचलला, लाल झेंडी. पुन्हा उचलला, पुन्हा लाल झेंडी. नातू मागून ट्रॉली ढकलत एकेक घर पुढे येतोय आणि मी लूपमध्ये उभा. हाताला खरंच घाम फुटला हो!

प्रत्यक्षातही तसंच घडलं. अँड्र्यूज किंग्स्टनला तासाभराहून जास्त अडकला. कारण असं की बेत आदल्या दिवसाचा होता, पावसामुळे त्याने एक दिवस पुढे ढकलला. पण उत्तरेचा जनरल मिचेल ठरल्या वेळी, ११ तारखेलाच, हंट्सव्हिलला जाऊन धडकला. ते कळताच घाबरलेल्या दक्षिणेने गाड्यांवर गाड्या दक्षिणेकडे पळवायला सुरुवात केली. म्हणजे अँड्र्यूजचा पाथच, वेळापत्रकातली मोकळी वाटच, गेली. शौर्य वगैरे सगळं ठीक आहे, पण पाथ गेलेली गाडी कोणाच्या बापाला वेळेवर काढता येत नाही. पुढे ओल्या लाकडांमुळे पूलही पेटले नाहीत (त्यासाठी वेगळा फासा आहे, आणि तो भलताच कंजूष आहे). रिंगोल्डजवळ जळण संपून इंजिन थंडावलं, सगळे पकडले गेले, अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली. अमेरिकन सैन्याचं पहिलं मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक मार्च १८६३ मध्ये मिळालं ते याच टोळीतल्या वाचलेल्यांना. अँड्र्यूजला नाही मिळालं, तो शिपाई नव्हता.

दुसरी चकमक उत्तरेच्या ग्रीअर्सनची. हा माणूस संगीतशिक्षक, लहानपणी घोड्याने लाथ मारलेली, आणि सरकारने त्याला दिलं घोडदळ! एप्रिल १८६३ मध्ये तो १,७०० स्वार घेऊन टेनेसीतून निघाला आणि अख्खं मिसिसिपी राज्य उभं कापून बॅटन रूजला पोचला. वाटेत न्यूटन स्टेशनला दोन गाड्या धरल्या आणि दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्गला रसद नेणारी लाइन उखडली. खेळात याच्यासाठी पालथ्या सोंगट्या आहेत. आजारी, थकलेल्या स्वारांची तुकडी मागे पाठवायची, म्हणजे समोरच्याला वाटतं फौजच परतली. ग्रीअर्सनने हेच केलं होतं. मराठी माणसाला हा डाव शिकवावा लागत नाही. शेजारच्या टेबलावरची इंजिनिअरिंगची पोरं पहिल्याच फेरीत "अबे, हे तर गनिमी कावा आहे" म्हणून सुटली.

आता जिथे खेळ फसतो ते. मोठ्या मोहिमेत रेल्वे म्हणजे जादूचा गालिचा आहे. सोंगटी उचला, अटलांटाहून रिचमंडला ठेवा. अरे बाप्पा, मधे गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलतं त्याचं काय? दक्षिणेतल्या बऱ्याच लायनी ५ फुटी, व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनात पुष्कळ ठिकाणी ४ फूट साडेआठ इंच. ज्याने इतवारीला नॅरोगेजच्या डब्यातून ब्रॉडगेजच्या वॅगनमध्ये माल चढताना पाहिलाय त्याला विचारा ट्रान्सशिपमेंट म्हणजे काय. सप्टेंबर १८६३ मध्ये दक्षिणेच्या जनरल लाँगस्ट्रीटचं सैन्य व्हर्जिनियातून चिकमॉगाच्या लढाईला निघालं. जवळची वाट शत्रूच्या हातात गेलेली, म्हणून कॅरोलायनांमधून वळसा. लढाईला त्यातले काहीच वेळेवर पोचले, तोफा तर लढाई संपल्यावर आल्या. खेळात हेच सैन्य एका पाळीत, तोफांसकट, चकाचक हजर. हे बरोबर नाही.

हर्मन हाउप्टचंही तसंच. उत्तरेच्या लष्करी रेल्वेचा हा माणूस आमच्या जातकुळीतला: डबे लगेच रिकामे करा, रिकामे परत पाठवा, आणि लष्करी अधिकाऱ्यांनी गाड्यांच्या चालनात नाक खुपसू नये. १८६२ मध्ये त्याने पोटोमॅक क्रीकवर सुमारे ४०० फूट लांब, ८० फूट उंच पूल साध्या लाकडांवर नऊएक दिवसांत उभा केला. लिंकन तो बघून चकित झाला होता. खेळात हाउप्ट म्हणजे 'अधिक एक'चा पत्ता. एवढंच?

नाकेबंदीच्या पट्टीवर कापसाची गाठ छापली आहे, तिथे मात्र आपल्या लोकांनी दोन मिनिटं थांबावं. लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे खरी तेजी होऊन गेल्यावर. याला म्हणतात राइट टाइम!

कॅफेबद्दल. टेबल माणशी दोनशे रुपये, तीन तासांचं, हे रास्त आहे. नियमपुस्तक इंग्रजीत आणि बारीक अक्षरात आहे, पण तिथल्या पोराने चकमकींचे नियम मराठीत दोन पानांवर उतरवून लॅमिनेट करून ठेवले आहेत, आणि उत्तम उतरवले आहेत. 'घोडदळ रुळावर थांबल्यास पुढील पाळीत रूळ उखडावा' हे वाक्य रेल्वेच्या कुठल्याही वर्किंग रूल्समध्ये शोभेल. पोरगं नियम समजावतं, घाई करत नाही, हरणाऱ्याला चिडवतही नाही. चहा साठ रुपये, हे काही पटलं नाही. भिंतीकडच्या टेबलावर एसी टपकतो, आमच्या टेनेसीवर थेंब पडून नकाशाची कड फुगली आहे. पलीकडचं टेबल मागा. दिवे मंद आहेत, पन्नाशीच्या पुढच्यांनी चष्मा विसरू नये. गाडी लावायला जागा नाही.

चकमकींच्या खोक्याला पाचपैकी साडेचार, मोहिमेला दोन, कॅफेला चार. ग्रीअर्सनची बाजू हवी असेल तर शनिवारी आधी फोन करून टेबल सांगून ठेवा, ती इंजिनिअरिंगची पोरं चारलाच येऊन खोका धरून बसतात.